जुनी पेटी विकताना आधीच्या मालकाला विचारायचं का?

टिळकवाडीकर

नमस्कार मंडळी. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागात वाद्यं बाळगणारे इथं बरेच आहेत, म्हणून विचारतो.

आमच्या घरी एक जुनी हार्मोनियम आहे. सागवानी, बास-मेल (खर्जाचे आणि मधले), दोन ओळींची, जर्मन सुरांची (सूर म्हणजे आत वाजणाऱ्या पितळी जिभा). मुलगी पेटी शिकायला लागली तेव्हा शहापुरातल्या एका निवृत्त शिक्षकांकडून घेतली होती. त्यांच्याकडं तेव्हा दुसरं गिऱ्हाईकही होतं आणि ते जास्त पैसे द्यायला तयार होतं. तरी गुरुजींनी आम्हाला कमी भावात दिली, कारण आमच्या घरी ती रोज वाजणार होती. देताना एवढंच म्हणाले, "कधी काढायची झाली तर आधी मला सांगा." मी हो म्हटलं. लिहून काही घेतलं-दिलं नाही.

मुलगी आता नोकरीनिमित्त बेंगळुरूला असते. पेटी झाकून ठेवलेली आहे. आपल्याकडच्या पावसाळ्यात न वाजणाऱ्या पेटीचं काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. पट्ट्या फुगून अडकतात, भात्याचं चामडं कडक होतं, आतल्या लोकरीच्या पट्टीला कसर लागते. तेव्हा जो वाजवील त्याला द्यायची असं घरात ठरलं. गोकाककडच्या एका भजनी मंडळानं चांगला भाव सांगितला आहे.

दरम्यान गुरुजी वारले. त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, पुण्याला मुलीकडं असतात. मी शब्द दिला होता तो गुरुजींना. तो त्यांच्याबरोबर संपला का? नसेल तर कुणाला विचारायचं आणि कुठला भाव सांगायचा? मधे मी भाता बदलून घेतला, सूर लावून घेतले, तो खर्च धरायचा की नाही? आणि तोवर गोकाकच्या मंडळाला किती दिवस ताटकळत ठेवायचं? अनुभव असलेल्यांनी कृपया सांगावं.

निपाणीकर

विचारा. फोन काकूंनाच करा, मुलीला किंवा जावयांना नको. पेटी घरातून गेली तेव्हा त्याच तिथं होत्या.

चिकोडीचा तबलजी

माझं मत थोडं वेगळं आहे, राग मानू नका.

विकलं म्हणजे विकलं. पैसे दिले, वस्तू घेतली, मालकी बदलली. जुनी मोटरसायकल विकताना आधीच्या मालकाला कोण फोन करतो? पेटीत तुम्ही पैसा घातला, वर्षानुवर्षं ती जपली. गुरुजींबद्दल मला पूर्ण आदर आहे. पण असे शब्द दर व्यवहारात दिले जातात, आणि प्रत्येक शब्दाला वाद्य बांधून ठेवलं तर जुन्या वाद्यांचा बाजारच बंद पडेल. नवशिक्याला परवडणारी वाद्यं याच बाजारातून मिळतात. माझा पहिला तबला-डग्गा असाच तिसऱ्या हातचा होता.

शिवाय गोकाकच्या मंडळानं भाव सांगितलाय. त्यांना आता "थांबा, आधी पुण्याला विचारतो" म्हणणं हाही त्यांच्यावर अन्यायच आहे.

संवादिनी दुरुस्ती

तबलजी, तुमचा शेवटचा मुद्दा बरोबर आहे. म्हणूनच विचारायचं ते गिऱ्हाईक शोधायच्या आधी. बाहेरचा भाव हातात आला की आधीच्या मालकाला विचारणं म्हणजे त्याला बोलीत उतरवणं होतं. त्याला वाटतं, हा माझ्याकडून भाव वाढवून घेतोय. मंडळालाही वाटतं, आपला उपयोग करून घेतला. आता इथं ते होऊन गेलंय, तर टिळकवाडीकरांनी दोन्हीकडं जे आहे ते स्पष्ट सांगावं. मंडळाला म्हणावं, "आधीच्या घरी विचारायचा शब्द दिलाय, अमुक तारखेला नक्की कळवतो." भजनी मंडळातली माणसं याला नाराज होणार नाहीत.

मोटरसायकलीशी मात्र पेटीची तुलना होत नाही. मी पेट्या उघडतो, म्हणून सांगतो. चांगली पेटी वाजवणाऱ्याच्या हातावर तयार होत जाते. कुठली पट्टी किती दाबावी लागते, भात्याला किती वारा लागतो, कुठला सूर जरा उशिरा बोलतो, हे त्या घरानं वर्षानुवर्षं सांभाळलेलं असतं. आमच्या बेळगावात रामभाऊ विजापुऱ्यांनी (1917–2010) आयुष्यभर पेटी वाजवली आणि शिकवली. जन्म कागवाडचा, पण कर्मभूमी हे शहर. इथल्या अनेक घरांत त्या काळातल्या पेट्या आहेत, आणि पेटी कुणाची, कुणाकडून आली हे लोक अजून सांगतात. या गावात आधीच्या मालकाला विचारण्याची रीत टिकली ती त्यामुळंच.

आता खर्चाचं. दुरुस्ती दोन तऱ्हेची असते. एक रोजच्या देखभालीची: सूर लावणं, पट्ट्या मोकळ्या करणं, कसर काढणं. वाद्य वाजवलं म्हणून ती करावीच लागते. ती किमतीत धरू नये. दुसरी, वाद्याचं आयुष्य वाढवणारी: नवा भाता, नव्या पट्ट्या, बदललेले सूर. हा खर्च धरावा, पण कारागिराची पावती दाखवून. घेणाऱ्याला किंमत फुगवलेली वाटायला नको.

आणखी एक गोष्ट आधीच्या मालकाला न विसरता सांगावी: मधल्या काळात पेटीत काय बदललं. सुराच्या पितळी जिभेचं टोक घासलं की सूर चढतो, बुडाशी घासलं की उतरतो. दर वेळी थोडं पितळ जातं. पुन्हा पुन्हा लावलेल्या सुरांचा आवाज पहिल्यासारखा राहत नाही. काही ठिकाणी तर जुने जर्मन किंवा पॅरिसचे सूर काढून नव्या पेटीत बसवतात आणि जुन्या खोक्यात पालिताण्याचे सूर घालतात. पालिताण्याचे सूर वाईट नसतात, पण मग ती गुरुजींची पेटी राहिली का? लाकूड त्यांचं, आवाज दुसऱ्याचा. घरच्यांनी जुन्या आठवणीनं हो म्हणायच्या आधी त्यांना हे कळलं पाहिजे.

हिंदवाडी वकील

कायद्याची बाजू थोडक्यात.

भारतीय करार कायदा 1872 च्या कलम 25 प्रमाणे मोबदल्याशिवायचा करार सहसा निरर्थक ठरतो. कलम 29 म्हणतं, ज्याचा अर्थ निश्चित करता येत नाही तो करारही निरर्थक. "काढायची झाली तर आधी मला सांगा" यात भाव नाही, मुदत नाही, सांगायचं कसं तेही नाही. तेव्हा नुसत्या या वाक्यावर कोर्टात फार काही उभं राहणार नाही. वस्तू विक्री कायदा 1930 प्रमाणे पेटीची मालकी टिळकवाडीकरांकडं आलेली आहे, आणि ते विकतील त्याला ती नीट मिळेल.

पण या प्रकरणात एक गोष्ट वेगळी आहे. गुरुजींनी दुसऱ्या गिऱ्हाइकाचा जास्तीचा भाव सोडला. ती सूट या शब्दाच्या बदल्यात होती असं दाखवता आलं तर मोबदला नव्हता असं म्हणता येणार नाही. कुणी दावा लावील म्हणून हे सांगत नाही, पेटीसाठी कुणी दावा लावत नाही. तबलजींनी जो सरसकट नियम मांडला त्यात ही सूट कुठं बसते, एवढंच विचारतो.

चिकोडीचा तबलजी

वकीलसाहेब, हा मुद्दा पटला. पूर्ण बाजारभावानं घेतलं असेल तर विचारणं हा निव्वळ मोठेपणा. कमी भावात, कारण सांगून दिलं असेल तर विचारणं बंधन. इतपत मान्य.

शहापूरची लेक

मी सहसा लिहीत नाही. वाचते फक्त. आज राहवलं नाही.

माझे वडील गायचे. मोठे गायक नव्हते. गावातल्या बैठका, गणपतीतलं गाणं, दत्तजयंती. त्यांचा मिरजेचा तानपुरा होता, भोपळा चांगला मोठा. ते गेल्यावर आईनं तो एका शिकणाऱ्या मुलाला दिला. पैसे नावाला घेतले. "फुकट दिलेल्या वस्तूची किंमत राहत नाही" एवढ्यासाठी घेतले. मुलगा गुणी होता. आईच्या पाया पडून तानपुरा घेऊन गेला.

काही वर्षांनी माझ्या नवऱ्याला मोबाईलवर जुन्या वस्तूंच्या जाहिरातीत तो तानपुरा दिसला. दांडीवरची नक्षी मी लहानपणापासून बोटांनी गिरवलेली, ओळखायला वेळ लागला नाही. खाली लिहिलेलं, "मिरजेचा दुर्मीळ तानपुरा", आणि किंमत आईनं घेतलेल्या पैशाच्या कित्येक पट. आईला दाखवला नाही.

मला त्या किमतीचं दुःख नाही. त्याला पैशाची गरज असेल. गरज कुणालाही लागते. पण एक फोन केला असता तर आम्ही तो होता त्याच भावानं परत घेतला असता, किंवा त्याला सांगितलं असतं की बाबा, तुला गरज आहे तर वीक, आमची ना नाही. मग आई शांत राहिली असती. जाहिरातीत घरातली वस्तू दिसणं आणि कुणीतरी येऊन सांगणं यात फार अंतर आहे.

टिळकवाडीकर काका, काकूंना फोन करा. त्या नाही म्हणतील कदाचित. पण त्यांना नाही म्हणायची संधी मिळू दे.

निपाणीकर

आक्का, वाचून गलबलून आलं. तुमच्या शेवटच्या ओळीपुढं माझ्याकडं वेगळं काही नाही.

अथणीकर

आमच्या भागात कानडी-मराठी दोन्ही घरांत पेटी-तबला फिरतो. भजनं दोन्ही भाषांत, मंडळं शेजारी शेजारी. मला सांगायचंय ते असं की आधीचं घर मराठी, आताचं गिऱ्हाईक कानडी, किंवा उलट, म्हणून विचारायचं टाळू नका. "आमच्यातलं आमच्यात राहू दे" असा सूर कधीकधी निघतो. वाद्याला तो लावू नये. गोकाकच्या मंडळाला पेटी गेली तर ती रोज वाजणार आहे, हीच मोठी गोष्ट.

मिरज रोड

शहापूरच्या ताई, तानपुऱ्याबद्दल थोडं लिहितो, पुढच्या कुणाला उपयोग होईल म्हणून.

मिरज आपल्यापासून लोंढा मार्गावर गाडीनं जाऊन येण्यासारखी आहे. तिथं शिकलगार घराण्यांनी एकोणिसाव्या शतकात शस्त्रांची कामं सोडून तंतुवाद्यं करायला घेतली, आणि आज सतार-तानपुऱ्यासाठी ते गाव देशभर ओळखलं जातं. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. भोपळे बहुतेक पंढरपूर-मंगळवेढा भागातून येतात, लाकूड तुणाचं.

याचा आपल्या चर्चेशी संबंध असा. तानपुऱ्याच्या बाबतीत आधीच्या मालकाइतकाच कारागीरही महत्त्वाचा असतो. जुना तानपुरा विकायचा झाला तर आधीच्या घरी विचारावंच, पण त्याबरोबर ज्या घराण्यानं तो केला त्यांनाही कळवावं. पुष्कळदा त्यांच्याकडं चांगलं जुनं वाद्य शोधणारी शिकणारी मुलं येत असतात. जवारी पुन्हा लावायची (तारांखालची घोडी, म्हणजे आधार, घासून आवाज घुमता करायचा), भोपळ्याला चीर असेल तर ती धरायची, हे काम शेवटी त्यांच्याकडंच जातं. त्यांच्या माध्यमातून वाद्य गेलं तर ते पुढं कुठं आहे हे कळत राहतं. जाहिरातीतून गेलेलं वाद्य मात्र कुठं गेलं कळत नाही. तेव्हा आधीच्या मालकाचा फोन लागत नसेल तरी कारागिराला विचारता येतं.

पण एक सांभाळा. जुन्या सतारींना आणि तानपुऱ्यांना सांबरशिंगाची घोडी किंवा हस्तिदंताची नक्षी असू शकते. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 खाली या वस्तूंची खरेदी-विक्री बंद आहे. वाद्य वडिलोपार्जित असलं तरी ती विकायला काढू नका. घोडी काढून दुसऱ्या साहित्याची बसवून घ्या, नाहीतर वाद्य घरातच राहू द्या.

चोर्ला घाटाखाली

मिरजवाल्यांनी कायद्याचं काढलंच आहे तर आमच्या बाजूचं सांगतो. जुन्या घुमटांना (मातीच्या मडक्याचं चर्मवाद्य) घोरपडीचं चामडं असतं. घोरपड त्याच कायद्यात सगळ्यात कडक संरक्षण असलेल्या यादीत आहे. 2019 ला घुमट गोव्याचं वारसा वाद्य झालं, आणि आता त्याला बकरीचं चामडं वापरतात. खानापूर तालुक्यातल्या आरतीच्या मंडळांकडं जुने घुमट आहेत. ते कुणाला विकू-देऊ नका. मडकं ठेवा, चामडं बदला. इथं आधीच्या मालकाला विचारण्याचा प्रश्नच येत नाही.

टिळकवाडीकर

सगळ्यांचे आभार. कालच काकूंना पुण्याला फोन केला. आधी मुलीशी बोलून काकूंची तब्येत वगैरे विचारून घेतली, मग काकूंशी.

त्या बराच वेळ पेटीबद्दलच बोलल्या. म्हणाल्या, "मी इथं दोन खोल्यांत ठेवू कुठं? पण वडगावला पुतण्या आहे, तो वाजवतो. त्याला विचारा, आणि तो नाही म्हणाला तर ज्याला वाजवायची असेल त्याला खुशाल द्या."

पुतण्याला फोन केला. त्याला पेटी हवी आहे, पण दोन अडचणी. त्याचं म्हणणं, काकांनी ज्या भावानं दिली त्याच भावानं मला द्या. आणि पैशाची सोय व्हायला दिवाळीपर्यंत थांबा. दिवाळीला अजून बरेच महिने आहेत. गोकाकच्या मंडळाला मी पंधरा दिवसांचं सांगितलं होतं, ते मान्य झालं होतं. आता काय करावं?

हिंदवाडी वकील

भावाबाबत तो बरोबर आहे असं मला वाटतं. तुम्हाला ज्या भावात सूट मिळाली त्याच भावात परत द्यायला हरकत नसावी. भात्याचा खर्च तेवढा वेगळा मागा.

मुदतीबाबत तो बरोबर नाही. पहिला विचारण्याचा हक्क म्हणजे वस्तू अडवून ठेवण्याचा हक्क नव्हे.

संवादिनी दुरुस्ती

माझंही तेच मत. आधीच्या घराला पहिला मान आहे तसं त्यांचंही काही कर्तव्य आहे. "हवी आहे" म्हटल्यावर येऊन पाहावं, वाजवून बघावं, आणि ठरलेल्या मुदतीत हो किंवा नाही सांगावं. आधीच्या मालकाची माणसं "बघू, थांबा" म्हणून वर्षभर वाद्य अडकवून ठेवतात आणि शेवटी घेत नाहीत, असं मी पाहिलेलं आहे. त्यात विकणाऱ्याचाही तोटा आणि वाद्याचाही. बंद खोलीत ठेवलेल्या पेटीचा भाता पाऊस संपेपर्यंत काय होतो ते सांगितलंच आहे.

टिळकवाडीकर, तुम्ही पुतण्याला म्हणा: भाव जुनाच, भात्याची पावती जोडून, निम्मे आता आणि निम्मे दिवाळीला. पेटी आत्ता घेऊन जा. पैसे थांबू शकतात, पेटी थांबू शकत नाही. तेही जमत नसेल तर पंधरा दिवसांत नाही म्हणून कळव, मग आमचं समाधान आहे. हे सांगताना दुसरं गिऱ्हाईक किती देतंय ते काढू नका. त्याला तुमचा तोटा कळायची गरज नाही.

चिकोडीचा तबलजी

हप्त्याची कल्पना चांगली आहे. लिहून घ्या मात्र. घरच्या माणसांतच पैशावरून जास्त बिघडतं.

टिळकवाडीकर

तसंच सांगितलं. पुतण्या रविवारी येऊन तासभर पेटी वाजवून गेला. वाजवतो छान. पण त्याला गाण्याच्या साथीला गावोगावी न्यायला हलकी, स्केल चेंजर (पट्ट्या सरकवून स्वर बदलता येणारी) पेटी हवी होती, आणि ही जड, एका जागी बसून वाजवायची. त्यानं स्वतःच नाही म्हटलं आणि काकूंनाही माझ्यासमोर फोन करून सांगितलं. त्यामुळं मनात काही राहिलं नाही. पेटी आता गोकाकला चालली आहे. मंडळाला मी जास्त भाव घेतला नाही, गुरुजींच्या भावात भात्याचा खर्च मिळवून दिली, आणि त्यांनाही सांगितलं की काढायची झाली तर आधी काकूंच्या पुतण्याला विचारा, मग मला.

निपाणीकर

उत्तम झालं. पण शेवटची साखळी जरा लहान ठेवा की. तीन घरांना विचारत बसायला लागलं तर कुणी विचारणारच नाही.

संवादिनी दुरुस्ती

निपाणीकरांचं खरं आहे. माझ्या मते विचारायचं ते एकच पायरी मागं. ज्यानं आपल्याला दिलं त्याला. त्याला हवं तर तो त्याच्या आधीच्याला सांगेल. आणि एकदा कुणी स्पष्ट नाही म्हटलं की त्याचा मान तिथं संपला. पुतण्यानं नाही म्हटलंय, तर पुढं त्याला पुन्हा विचारायचं बंधन मंडळावर नको. टिळकवाडीकरांना विचारलं की पुरे.

सगळ्याच वाद्यांना हे लावू नये असंही वाटतं. कारखान्यात हजारोंनी निघालेला कॅसिओ, गिटार, ढोल-ताशा पथकाचे ढोल, हे बाजारातच फिरावेत. फोन करायचा तो हातानं केलेल्या, मागणी देऊन करून घेतलेल्या किंवा एका घरात एका माणसानं आयुष्यभर वाजवलेल्या वाद्याबद्दल. आणि जे कुणी शिकणाऱ्याला म्हणून कमी भावात दिलं, त्याबद्दल. दुकानदारालाही यातून सूट. त्यानं दहा ठिकाणची वाद्यं घेतलेली असतात. पण विकतानाच "हे दुकानात देऊ नका" असं कुणी सांगितलं असेल तर ते पाळलं पाहिजे.

खानापूरचा पखवाजी

मंडळी, या निमित्तानं आमच्या मंडळाचा प्रश्न विचारतो. आमच्या गावात दरवर्षी ज्ञानेश्वरी पारायण असतं. मंडळाकडं तीन पखवाज झालेत. त्यातला एक जुना, शिसवी खोडाचा, गावातल्या एका घरानं वडिलांच्या स्मरणार्थ दिलेला. खोडावर नावही कोरलेलं आहे. पुड्या (तोंडावरची चामडी) गेल्यात, गजरा (पुडीच्या कडेचा चामड्याचा वेढा) सैल झालाय, दुरुस्तीला बराच खर्च आहे, आणि नव्या मुलांना तो जड पडतो. काही जण म्हणतात, विकून त्या पैशात टाळ घेऊया. शेजारच्या गावचं मंडळ घ्यायला तयार आहे.

माझ्या मनाला ते पटत नाही, पण मंडळाच्या हिताचं आहे हेही खरं. देणगी म्हणून आलेलं वाद्य विकता येतं का? आणि त्या घराला विचारायचं तर "तुमचीच देणगी तुम्हीच विकत घ्या" असं कसं म्हणायचं?

शहापूरची लेक

मामा, त्या घराला पैसे मागू नका. पखवाज त्यांच्या वडिलांच्या नावानं देवाला दिलेला आहे. आधी त्यांना सांगा की आम्हाला हा सांभाळणं जड जातंय. बाकी त्यांना ठरवू दे.

हिंदवाडी वकील

मंडळ नोंदणीकृत असेल तर देणगीची वस्तू विकायला सभेचा ठराव लागेल, आणि देणगी ज्या हेतूनं दिली त्या हेतूच्या विरुद्ध वापर होता कामा नये. पारायणाला दिलेला पखवाज दुसऱ्या गावच्या पारायणाला गेला तर हेतू मोडत नाही. पण तो विकण्यापेक्षा देऊन टाकणं जास्त सरळ. टाळ घ्यायला पैसे लागतात ते गावात वर्गणीनं उभे राहतील.

ठरावात देणाऱ्या घराशी बोलणं झालं, त्यांनी काय सांगितलं, हे लिहून ठेवा. पुढच्या पिढीतलं कुणी येऊन विचारेल तेव्हा वही दाखवता येईल.

अथणीकर

कोरलेलं नाव घासून काढू नका म्हणजे झालं. दुसऱ्या मंडळाला देताना तीच पहिली अट घाला. काही ठिकाणी नवं नाव टाकायला जुनं तासून काढतात, ते बघून फार वाईट वाटतं.

चिकोडीचा तबलजी

पखवाजी मामा, माझी एक सूचना. त्या घराला विचारताना तीन गोष्टी एकदम समोर ठेवा: दुरुस्ती करून मंडळातच ठेवायचा, शेजारच्या मंडळाला द्यायचा, की त्यांनी स्वतः घरी नेऊन ठेवायचा. नुसतं "विकू का?" विचारलं की माणसाला नाहीच म्हणावंसं वाटतं. पर्याय दिले की ते घरात बसून विचार करतात. आणि घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसासमोर बोला, फोनवर नको.

दुरुस्तीचा खर्च किती येईल ते आधी कळलं तर बरं. बऱ्याचदा वाटतो तेवढा नसतो. खोड चांगलं असेल तर नवी पुडी, वादी (ताण देणारी चामड्याची पट्टी) आणि गजरा, एवढंच लागतं. शिसवी खोड आता सहजी मिळत नाही.

खानापूरचा पखवाजी

तबलजी, पर्याय ठेवायची गोष्ट आवडली. एकादशीला मंडळ जमतं, तेव्हा त्या घरच्या आजोबांना बोलावून मांडतो. खोड आतून बघितलं, कीड नाही. डाव्या तोंडाच्या कडेला एक लहान चीर आहे, पण ती जुनी, वाढलेली दिसत नाही.

संवादिनी दुरुस्ती

पखवाज माझं काम नाही, पण चिरेची गोष्ट एकादशीच्या आधी चर्मवाद्याच्या कारागिराला दाखवा. आजोबांसमोर पर्याय मांडताना दुरुस्तीचा आकडा हातात हवा. दोन्ही तोंडांचा व्यास आणि खोडाची लांबी मोजून, चिरेचा फोटो काढून इथं टाका. माझ्या ओळखीचे एक कारागीर शनिवारी बेळगावात येतात, त्यांना दाखवून अंदाज कळवतो.

खानापूरचा पखवाजी

उद्या सकाळी देवळात जाऊन मापं घेतो आणि फोटो टाकतो.